एकच गन, तीही बंद

संपादक महोदय,

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनांची संख्या वाढल्याची बातमी वाचली की पहिला प्रश्न पडतो, यातली चालू किती? मोठ्या शहरात एक बंद निघालं तर माणूस चरफडत दुसरीकडे जातो. लहान गावात मुळात चार्जर एक, त्याला गन, म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं टोक, तेही एक. ती बंद म्हणजे गावात चार्जिंग नाही, आणि गाडीत उरलेल्या दहा-बारा टक्क्यांत पुढचं गाव गाठायचं.

मी इलेक्ट्रिशियन आहे, गाडीही इलेक्ट्रिकच चालवतो. म्हणून यंत्राची बाजूही सांगतो. अ‍ॅपवर हिरवं ‘उपलब्ध’ दिसतं, ती माहिती चार्जरनेच सर्व्हरला कळवलेली असते. तिचा अर्थ इतकाच की गनला गाडी लागलेली नाही आणि यंत्राला स्वतःत काही दोष सापडलेला नाही. पुढ्यात कुणी डिझेलची गाडी लावून गेलं असेल तर ते त्याला कुठून कळणार?

आता गन बघा. त्यात वीज नेणाऱ्या जाड संपर्कांखेरीज दोन बारीक संपर्क असतात. गाडी आणि चार्जर यांना एकमेकांची जोडणी त्यांच्यावरूनच कळते. गन हुकाला परत न अडकवता लोक जमिनीवर टाकून जातात. त्या बारीक भोकांत माती गेली की गाडी आणि चार्जर यांचं बोलणंच सुरू होत नाही. तुम्ही गन लावून ताटकळत उभे, आणि यंत्राच्या लेखी कुणी आलेलंच नाही! अ‍ॅपवर हिरवा दिवा तसाच. कुणी गंमत म्हणून आणीबाणीत यंत्र बंद करायचं लाल बटण दाबून गेलं, तर तीही एक तऱ्हा. ते का दाबलं हे न बघता परक्या माणसाने सोडवू नये, आणि सोडवणारा माणूस गावात नसतो.

काही ठिकाणी नियम करणाऱ्यांनीही एकेका चार्जरकडे न बघण्याची चूक केली आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ५० किलोवॅट आणि त्यावरचे चार्जर ९९ टक्के वेळ चालू हवेत, पण ती सरासरी त्या कंपनीच्या सगळ्या जाळ्याची. लहान गावातला एखादा चार्जर महिनोन् महिने पडून राहिला तरी त्या सरासरीत तो सहज लपतो. अमेरिकेत केंद्राच्या पैशातून उभारलेल्या चार्जरांना अट ९७ टक्क्यांचीच, म्हणजे वर्षात अकराएक दिवस बंद चालतं; पण हिशेब प्रत्येक गनचा वेगळा. मला हा दुसरा नियम बरा वाटतो.

आणि लहान गावात ६० किलोवॅटचं एकच धूड उभं करण्यापेक्षा ३०-३० चे दोन स्वतंत्र चार्जर लावा. वेळ जास्त लागेल, लागू द्या. जोडीला ७.४ किलोवॅटचे दोन-तीन साधे एसी पॉइंट, म्हणजे घरात येते तशीच वीज देणारे, हवेत. त्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करण्याचं काम तिथे गाडीच करते, त्यामुळे पेटीत कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), गळती-संरक्षण आणि एक छोटं सर्किट, एवढाच ऐवज. बिघडलं तर जाणता स्थानिक कारागीरही दुरुस्त करेल. गाडी तेवढी वीज घेत असेल तर चार तासांत जवळपास तीस युनिट भरतात, म्हणजे दीड-दोनशे किलोमीटरची सोय.

हे होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र कंपन्यांना लगेच करता येईल. प्रत्येक गनवर शेवटचं चार्जिंग कधी झालं याची नोंद त्यांच्या सर्व्हरवर असतेच. ‘उपलब्ध’च्या शेजारी ती तारीख आणि वेळ दाखवा. आज सकाळी कुणी गाडी भरून गेलं असेल तर मी निर्धास्त पुढे जाईन; तीन आठवड्यांत कुणीच भरली नसेल, तर अलीकडच्याच स्टेशनवर थांबेन.

आपला,
एक इलेक्ट्रिशियन वाचक