बेदाण्याचा एक दाणा

सांगली,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तासगावच्या शीतगृहाचा कारभार हाती आल्यापासून बैठकीत कुणी नवं काही सुचवतच नाही, असं तू लिहिलंस. ध्यानाचा उपयोग होईल का, असंही विचारलंस. होईल. पण डोकं शांत झालं की कल्पना आपोआप सुचतात, अशा आशेवर राहू नकोस. समोरच्याचं बोलणं कानावर पडणं आणि ‘हे जमणार नाही’ असं आपल्या तोंडून निघणं, यात जेमतेम क्षणाचं अंतर असतं. सरावाने ते वाढवायचं आहे. साहेबाच्या कपाळावर आठी दिसली की माणूस पुढचं वाक्य गिळतो.

सुरुवात तुझ्याच मालापासून कर. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण हलका करण्यासाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात सुरुवातीचा धडा बेदाण्याचाच असतो. एक दाणा तळहातावर घे. सुरकुत्या बघ, उजेडात धर, बोटांत फिरव, वास घे. जिभेवर ठेवल्यावरही लगेच चावू नकोस. सगळं मिळून पाच मिनिटं. रोज ढिगांनी बेदाणा बघणाऱ्याला हे फार जड जातं, कारण त्याची नजर दाण्यावर पडताच प्रत ठरवून मोकळी होते. बैठकीत माणसांच्या बोलण्यालाही आपण तशीच प्रत लावतो.

मग रोज सकाळी दहा मिनिटं श्वास मोज, एक ते दहा. जेवणानंतर नको, झोप लागते. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. मन भरकटल्याचं लक्षात येणं, हाच तर सराव. तीनेक आठवड्यांनी निम्मा वेळ मोजणं सोड आणि जो आवाज, जो विचार येईल तो नुसता येऊ दे, जाऊ दे. २०१२ साली हॉलंडच्या लायडन विद्यापीठातल्या प्रयोगात अशा मोकळ्या ध्यानानंतर एकाच प्रश्नाला जास्त उत्तरं सुचली. लक्ष एकाच जागी रोखण्याच्या ध्यानाने तसं झालं नाही. अर्थात माणसं थोडी होती, आणि ध्यानात मुरलेली होती.

बैठकीत फोन बाहेर, दोन मिनिटं शांतता, मग एकच ठोस प्रश्न. ‘काम सुधारा’ नको. ‘शीतगृहातून बाहेर काढल्यावर पेटीला पाणी सुटतं, ते कसं थांबवायचं?’ असा हवा. सात मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं शेजाऱ्याने लिहून घ्यायचं. वाचन सगळ्यांत नव्या हमालापासून, तू अगदी शेवटी. निवड दुसऱ्या दिवशी. त्याच बैठकीत निवडायला बसलास की सगळे तुझ्या तोंडाकडे बघत लिहू लागतात.

डोळे मिटायची सक्ती मात्र कुणावर करू नकोस. काहींना त्याने घाबरं होतं, जुनी दुखणी वर येतात. त्यांना उघड्या डोळ्यांनी बसू दे. आणि माणसं लांबलेल्या पाळ्यांनी थकली असतील तर आधी पाळ्या बदल. अशा माणसाला श्वास मोजायला सांगणं हा अन्याय आहे, सुधीर.

पहिल्या बैठकीत तुला सगळ्यांत खुळी वाटलेली चिठ्ठी जशीच्या तशी मला लिहून पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक