चि. निनादला: पाण्याच्या मागे मागे जा

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू आणि ऋचा मे महिन्यात सायकली घेऊन इटलीतल्या त्रिएस्तेकडे निघणार, हे ऐकल्यापासून बाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत. आम्ही तिकडे जाऊन आलोय, म्हणून काय बघायचं ते लिहून पाठव म्हणालास. व्हॉट्सॲपवर एवढं मावायचं नाही, म्हणून पत्र.

तू आखलेला नकाशा बघितला. सगळा किनाऱ्याकिनाऱ्याने. त्रिएस्ते ते मोनफाल्कोने हा समुद्राच्या कडेचा रस्ता दिसायला झकास आहे, यात वाद नाही. पण तो मोटारींचा रस्ता आहे. मागून गाडी आली की समुद्र बघायचा की आरसा? तेवढा टप्पा सरळ रेल्वेने कर, लोकल गाड्यांत सायकल नेता येते. माझं ऐकशील तर सुरुवातच वेगळी कर. किनारा शेवटी येऊ दे, आधी डोंगरात जा आणि तिथून नदीच्या मागे मागे खाली ये. ती नदी वाटेत दिसणार नाही, गंमत तीच आहे.

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाहून रेल्वेने दिवाचाला उतर. तिथून श्कोत्स्यानच्या गुहा तीनेक किलोमीटरवर. 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे गर्दी असते आणि गाइडच्या मागून रांगेतच जावं लागतं, तरी चुकवू नकोस. मी आयुष्यभर नववी-दहावीच्या मुलांना चुनखडीच्या प्रदेशातली भूरूपं शिकवली. फळ्यावर अधोमुखी लवणस्तंभ, ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ काढायचे, नावं द्यायची, पुढचा धडा. इथे आत गेल्यावर आधी लवणस्तंभच दिसतात, आणि मग अचानक आवाज येतो. खाली नदी वाहते आहे! जमिनीच्या पोटात अख्खी घळ, आणि तिच्यावर पंचेचाळीसेक मीटर उंचीवर पूल. पुलाच्या मधोमध उभी राहिले तेव्हा बाबांनी माझा दंड असा धरला होता की वळ उठले. 1965 च्या पुरात आतलं पाणी शंभराहून अधिक मीटर चढलं होतं. पुढची वाट अरुंद आहे, एवढ्या पाण्याला निघून जायला जागाच नाही. आत वर्षभर बारा अंशांच्या आसपास असतं, स्वेटर पिशवीच्या तळाशी ठेवू नकोस.

ही नदी रेका. इथे जमिनीखाली जाते आणि चाळीसेक किलोमीटर पुढे, समुद्र हाकेच्या अंतरावर आला की दुइनोजवळ वर येते. तिथे तिला तिमावो म्हणतात. दोन्ही पाणी एकच हे सिद्ध करायला लोकांनी काय काय केलं! रसायनं सोडली, खुणा केलेल्या वाम माशांनाही आत सोडून खाली कुणी दिसतंय का बघत बसले. आणि त्रिएस्ते शहराला पाणी हवं होतं, म्हणून लिंडनर नावाच्या माणसाने शहराच्या डोक्यावरच्या त्रेबिचानो गावात एका भोकातून उतरायला सुरुवात केली. 1841 साली 329 मीटर खाली गेल्यावर त्याला ही नदी सापडली. पण एवढ्या खोलातलं पाणी वर आणायचं कसं? शहराच्या कामाला ते आलं नाही.

आता सायकलीचं. श्कोत्स्यानहून कोझिनापर्यंत आडरस्त्याने जा. चढउतार आहेत, गाड्या फारशा नाहीत. तिथून इटलीची हद्द ओलांडली की जुनी रेल्वेलाइन लागते. 1887 साली त्रिएस्तेहून वर पठारावर काढलेली, 1959 च्या सुमारास बंद पडलेली. रूळ उखडून सायकलवाट केली आणि जोर्दानो कोत्तुर या तिथल्याच सायकलपटूचं नाव दिलं. बारा किलोमीटर, थेट शहराच्या सान जाकोमो वस्तीपर्यंत, मोटार एकही नाही. रेल्वेचा मार्ग असल्यामुळे उतार बेताचाच आहे. इंजिनाला झेपेल अशी चढण त्या लोकांनी बोगदे खणून, डोंगर कापून बेतली, म्हणून माझ्यासारख्या साठीच्या बाईला पायडल न मारता उतरता आलं. वरचा भाग खडीचा आहे, खालचा डांबरी. एका बाजूला रोझांद्रा नदीची घळ: पांढरे उभे कडे, खाली ओढा. या पठारावर उघडा वाहणारा ओढा दुर्मीळ, म्हणून तिथे थांबच.

कारण बाकी सगळीकडे कोरडं. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी वर राहत नाही. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्यावर पाणी धावतं, धबधबे होतात. चुनखडी पाण्यात विरघळते, भेगा रुंदावतात आणि सगळं खाली जातं. रत्नागिरीच्या सड्यावर जूनमध्ये तळी साचतात आणि एप्रिलमध्ये विहिरीला दोर पुरत नाही, ते तू पाहिलंयस. तिथलं कारण वेगळं, आपला जांभा सच्छिद्र. पण बाईच्या डोक्यावरचा हंडा दोन्हीकडे सारखाच. म्हणून बाटल्या गावात भरून घे. वाटेत ओढा लागेल या भरवशावर राहू नकोस.

पठारावर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे दिसतील, त्यांना डोलिन म्हणतात. एखाद्यात उतरून बघ. तळाला लाल माती साठलेली असते, म्हणून शेतकऱ्यांनी तेवढीच जागा दगड वेचून, गडगे घालून लागवडीला आणली. मोठ्या डोलिनमध्ये थंड हवा तळाशी बसते, त्यामुळे थंडी मानवणारी झाडं खाली आणि उबेची झाडं वर, डोंगराच्या बरोब्बर उलट. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं जांभया द्यायची. त्यांचीही चूक नव्हती.

भूक लागली तर रस्त्याच्या कडेला लाकडी बाण आणि त्यावर टांगलेली हिरवी फांदी शोध. ते ओस्मित्सा, म्हणजे शेतकऱ्याचं घरच. 1784 साली ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या योसेफने घरची वाइन ठरावीक दिवस घरीच विकायची मुभा दिली, ती चाल अजून आहे. उकडलेली अंडी, चीज, पाव मिळतो. ऋचा मांस खात नाही, तिचं भागेल. बाबांनी तिथली तेरान नावाची लाल वाइन चाखली आणि कोकमाची आठवण काढत बसले. दोन ग्लासांनंतर पुन्हा सायकल, हे मात्र मी होऊ दिलं नाही, तूही होऊ देऊ नकोस.

त्रिएस्तेत फार रेंगाळू नकोस. रेल्वेने मोनफाल्कोनेला उतरून आधी मागे वळ, पाचेक किलोमीटरवर सान जोव्हान्नीचं देऊळ, म्हणजे चर्च रे, आणि त्याला लागून तिमावोचे झरे. हा तुकडा मोठ्या रस्त्याला चिकटून आहे, एकामागे एक चाला, गप्पा नकोत. पण झाडांच्या सावलीत खडकाखालून ते हिरवं, गार पाणी आवाज न करता वर येताना बघ. आधी श्कोत्स्यान पाहिलेलं असेल तरच त्याची किंमत कळते, नाहीतर लोक फोटो काढून पाच मिनिटांत जातात. तिथून समुद्र जेमतेम दोन किलोमीटर. सगळा प्रवास अंधारात, आणि उजेडात एवढाच.

मग ग्रादोकडे, तीस-पस्तीस किलोमीटर सपाट. इझोन्झो नदीच्या मुखाशी कोना बेटाचं अभयारण्य लागतं. बांधांवरून वाट जाते, पांढरे कामार्ग जातीचे घोडे दलदलीत चरताना दिसतात. दुर्बीण घे. पुढे खाजण सुरू होतं. पाठ्यपुस्तकातलं खाजण सरोवर हेच: नद्यांनी आणलेल्या वाळूचे दांडे समुद्रात तयार झाले आणि मागचं पाणी अडलं. मारानो आणि ग्रादो मिळून साधारण 160 चौरस किलोमीटर, आणि ग्रादो गाव अशाच एका दांड्यावर. एड्रियाटिकच्या या टोकाला भरती-ओहोटीत मीटरभर फरक पडतो. आपल्यापेक्षा कमी, पण भूमध्य समुद्राच्या मानाने खूप. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि वासाने थेट भाट्याची खाडी आठवते. बेटांवर कोळ्यांच्या बोरूने शाकारलेल्या झोपड्या आहेत, त्या कासोनी.

ग्रादोहून मुख्य भूमीकडे पाण्यातून बांधलेला रस्ता जातो, शेजारी सायकलींची स्वतंत्र वाट. साल्झबुर्गहून आल्प्स ओलांडून येणारे सायकलवाले याच वाटेने शेवट करतात. तुम्ही उलट दिशेने आक्विलेयाला जाल. रोमनांनी इसवीसनपूर्व 181 मध्ये वसवलेलं हे मोठं बंदर, 452 मध्ये हूणांच्या अटिलाने लुटलं आणि लोक खाजणातल्या बेटांवर पळाले. चर्चच्या जमिनीवर चौथ्या शतकातलं मोझेक आहे, काचेच्या पुलावरून बघायचं. बाबा त्यातले मासे ओळखत बसले आणि मला ओढून न्यावं लागलं. जवळच्या चेरविन्यानोहून परतीची रेल्वे मिळेल.

जुलै-ऑगस्टचा विचार मनातून काढ, ऊन आणि खाजणातले डास. मे उत्तम. पासपोर्ट आणि जर्मनीचं रहिवासी कार्ड जवळ ठेव, हद्दीवर हल्ली तपासणी होते.

ऋचाला आशीर्वाद.
तुझी,
आई

ता. क. ट्यूब दोन जास्तीच्या घे. कोत्तुरच्या वरच्या भागातल्या खडीला धार आहे, आणि तिथे जवळपास दुकान नाही.