दुकानदाराच्या पोराच्या गोष्टी

चि. बंटी यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट मासिकाकडून परत आली, हे तू फोनवर दोन वाक्यांत उरकलंस. दुकानात मला फोनवर धड बोलता येत नाही, समोर कोणीतरी साखर मागत उभं असतं, म्हणून पत्र लिहिते. 'आपण जग कुठं बघितलं? गावातल्या दुकानात वाढलेल्याला विज्ञानकथा कशी जमणार?' असं तू म्हणालास. ते मला अजिबात पटलेलं नाही.

तू इथं ठेवून गेलेलं, विज्ञानकथा लिहिणाऱ्या आयझॅक असिमॉव्हच्या आठवणींचं पुस्तक मी गल्ल्यावर बसून, शेजारी डिक्शनरी ठेवून वाचलं. अरे, हा तर दुकानदाराचाच पोरगा! १९२३ साली, तीन वर्षांचा असताना, आईबापाबरोबर रशियातून अमेरिकेत आला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बापानं गोळ्या-चॉकलेट, सिगारेट, वर्तमानपत्रं विकायचं दुकान टाकलं. सकाळी सहाला उघडायचं, मध्यरात्र उलटल्यावर बंद करायचं. शाळा सुटली की पोरगा दुकानात. पहाटे उठायची सवय त्याला तिथं लागली ती जन्मभर सुटली नाही, आणि ५००च्या आसपास पुस्तकं त्या सवयीतूनच झाली असं मला वाटतं. वाचताना मला तूच दिसत होतास. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत उजाडायच्या आत बाया चहापत्ती न्यायला यायच्या. तू दोरा दातात धरून पुडा बांधायचास आणि बांधता बांधता रद्दीच्या कागदावरची बातमी वाचत उभा राहायचास. "दे ना बाप्पा लवकर, बांदीवर जायचं हाये," असं त्या ओरडायच्या.

त्याच्या बापाच्या दुकानात मासिकं टांगलेली असायची, पण पोरानं ती वाचायची नाहीत असा दंडक होता. १९२९ मध्ये एक नवं मासिक आलं. त्याच्या नावात 'सायन्स' होतं, एवढ्या आधारावर नऊ वर्षांच्या पोरानं बापाकडून परवानगी काढली. पुढं १९३८ मध्ये पहिली गोष्ट लिहून झाली, तेव्हा पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः नेऊन दे, हे त्याला त्याच बापानं सांगितलं. संपादक जॉन कॅम्पबेल त्याच्याशी तासभर बोलले. गोष्ट मात्र परत केली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मासिकात त्याची गोष्ट छापून आली, ६४ डॉलर मिळाले. तुझ्या गोष्टीबरोबर संपादकाची एक ओळसुद्धा आली नाही, याचं मला वाईट वाटतं. पण म्हणून लिहिणं थांबवायचं नाही.

आता प्रवासाचं. आकाशगंगेत साम्राज्यं उभी करणारा हा माणूस विमानाला घाबरायचा. आयुष्यात दोनदाच विमानात बसला. जायचंच असलं तर आगगाडीनं, नाहीतर जहाजानं. त्याला बंद, लहानशा खोलीत बसायला आवडायचं. १९५४ सालच्या त्याच्या कादंबरीतली माणसं पोलादी छताखालच्या शहरात राहतात, उघड्या आभाळाला भितात. सहा सूर्यांच्या ग्रहावर अंधार पडतो ती त्याची गोष्ट छापून आली १९४१ मध्ये. खग्रास ग्रहण बघायला तो जहाजानं आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेला १९७३ मध्ये! आधी बघायचं आणि मग लिहायचं म्हणाला असता, तर ती गोष्ट झालीच नसती.

तुझी गोष्ट मी दोनदा वाचली. यान ह्यूस्टनमधून उडतं तो भाग मला उसना वाटला. पण मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या तलावाची पाळ फुटते आणि म्हातारा अंधारात हातानं चाचपत भगदाड शोधतो, ते पान मी शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुढं काय झालं? तेच मलाही विचारायचं आहे. बोडी-तलावाचं पाणी कळणारं यंत्र, पाळीवर राहणारा यंत्रमानव, असं काही लिही ना.

आणखी एक. मंडईतलं, म्हणजे आपल्या दिवाळीनंतरच्या जत्रेतलं नाटक आता बघवत नाही, असं तू मागं म्हणाला होतास. असिमॉव्हची करमणूक काय होती, माहीत आहे? गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीची विनोदी संगीत नाटकं. त्यातली पदं त्याला पाठ होती, त्या नाटकांवर त्यानं १९८८ मध्ये टीपांसह जाडजूड पुस्तक काढलं. त्या जोडीच्या १८७१ सालच्या पहिल्या नाटकाचं बरंचसं संगीत हरवलेलं आहे. काळात मागं जाऊन ते संगीत आणायची खटपट, यावर त्यानं १९७८ मध्ये विज्ञानकथाच लिहिली! आवडीचं नाटक आणि आवडीचं लिहिणं त्यानं वेगळं ठेवलंच नाही. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर रात्रभर नाटक चालतं. ऑर्गन वाजायला लागला की थंडीत घोंगडी पांघरून बसलेली माणसं सरसावून बसतात. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. हे सगळं जवळ असताना तू त्याकडे पाठ फिरवावीस, हे मला सोसत नाही.

भाऊबीज झाली की मंडई आहे. वडशाची नाटक मंडळी येणार आहे, रात्रीचं तिकीट मी काढून ठेवते. येताना ती गोष्ट आण आणि तलावाच्या पानापुढचं लिहून आण. दुपारी दुकानात फारसं कोणी नसतं, तेव्हा वाचू. नवा तांदूळ निघाला की बाबा एसटीनं पोतं पाठवतील, उतरवून घ्यायला वेळेवर जा.

तुझी,
आई