कालाकुंडच्या त्या मंडळींचे मनापासून आभार

पावसाळा ओसरला की आम्ही इंदूरची काही मराठी घरं चोरल नदीच्या खोऱ्यात भटकायला जातो. पाताळपाणीहून २०१८पासून मीटरगेजची हेरिटेज गाडी धावते. बोगदे, पूल ओलांडत ती घाट उतरते नि कालाकुंडला थांबते. या वेळी तिथल्या नदीकाठी शेवाळलेल्या दगडावरून आमच्या काकूंचा पाय घसरला. घोटा बघता बघता टम्म सुजला. मोबाइलला रेंज नाही, नि परतीची गाडी सुटायला फार वेळ नव्हता.

पलीकडे धुणं धूत असलेल्या एक आजी पाण्यातून तशाच आल्या. काकूंचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी आपल्याच ओढणीची ओली पट्टी बांधली. ती कोमट झाली की सोडायची, नदीत भिजवायची, पुन्हा बांधायची. तोंडाने "कुछ नहीं हुआ बेटी" चालूच. आमच्या काकू सत्तरीच्या आहेत बरं का! तोवर दोन मुलं खाट घेऊन आली. वाटेतला ओढा ओलांडताना खांदा बदलला तोही पाण्यात उभं राहूनच, खाट खाली टेकवली नाही.

स्टेशनवर कलाकंद विकणाऱ्या दादांनी स्वतःचं स्टूल काकूंच्या पायाखाली सरकवलं आणि पळसाच्या पानावर कलाकंद हातात ठेवला. पैसे कुणीच घेतले नाहीत. गडबडीत नावंही विचारायची राहिली.

हाड मोडलेलं नाही. आजी, तुमची ओढणी धुऊन ठेवली आहे. काकू चालायला लागल्या की त्याच ती घेऊन येणार आहेत.