चीनच्या त्या रेल्वेमंत्र्याला फाशी झालीच नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वाचकांच्या पत्रांत अधूनमधून आणि व्हॉट्सॲपवर तर रोजच वाचायला मिळतं की चीनमध्ये भ्रष्ट मंत्र्याला सरळ फासावर देतात म्हणून तिकडे बुलेट ट्रेन सुसाट धावतात आणि आपल्याकडे सगळं रखडतं. पण ज्या माणसाने चीनमध्ये बुलेट ट्रेनचं जाळं उभं केलं तोच माणूस लाचखोरीत सापडला, आणि त्याला फाशी झाली नाही. लिऊ झिजुन त्याचं नाव. आपण या प्रकरणातून भलताच अर्थ काढतोय असं मला फार वाटतं म्हणून हे पत्र.

हुबेई प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला पोरगा. १९७२ मध्ये रेल्वेत लागला तो रुळांच्या देखभालीवर, म्हणजे आपल्याकडचा गँगमन म्हणा ना. तिथून चढत चढत २००३ मध्ये थेट रेल्वेमंत्री. कामाचा उरक जबरदस्त, हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत. १ ऑगस्ट २००८ ला, ऑलिंपिक सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, बीजिंग–तियानजिन मार्गावर ताशी ३५० किमी वेगाची गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी वुहान–ग्वांगझू. १३१८ किमीचा बीजिंग–शांघाय मार्गही त्याच्याच काळात बांधला, पण ३० जून २०११ ला तो सुरू झाला तेव्हा साहेब उद्घाटनाला नव्हते, चौकशीत होते. फेब्रुवारीतच खुर्ची गेली होती.

आता मला राहून राहून खटकतं ते हे. त्याचा धाकटा भाऊ वुहान रेल्वेत मोठा अधिकारी होता, त्याला २००६ मध्येच शिक्षा झाली होती, लाच, अफरातफर आणि एका कंत्राटदारावर माणसं घातली त्यात तो कंत्राटदार मेला. भाऊ तुरुंगात आणि हा मंत्रिपदावर! एप्रिल २००८ मध्ये शानडोंगमध्ये झिबोजवळ दोन गाड्यांची टक्कर होऊन ७२ माणसं गेली, तरी हा मंत्रिपदावर. का? तर कामं वेळेत होत होती, उद्घाटनं होत होती, वरचे खूश होते.

आणि प्रश्न विचारणार तरी कोण? तिकडचं रेल्वे मंत्रालय म्हणजे एक वेगळं राज्यच होतं. रूळ तेच टाकणार, गाड्या तेच चालवणार, सुरक्षेची तपासणी तेच करणार, पोलीसही त्यांचेच आणि कोर्टंसुद्धा त्यांचीच. अशा ठिकाणी डिंग शुमियाओ नावाची बाई, जी शान्शी प्रांतात अंडी विकण्यापासून सुरुवात करून व्यापारात आली, ती मंत्र्याच्या ओळखीवर कुठलं टेंडर कोणाला मिळवून द्यायचं ते ठरवू लागली आणि कंपन्यांकडून कमिशन घेऊ लागली. पुढे तिला २० वर्षांची कैद आणि २५० कोटी युआन दंड झाला. मंत्र्याचा उजवा हात झांग शुगुआंग, हायस्पीडचा मोठा इंजिनियर, त्याने तर कोर्टात सांगितलं की विज्ञान अकादमीचं सदस्यत्व मिळवायच्या खटपटीसाठी कंपन्यांकडून पैसे घेतले.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली ते बघा. २३ जुलै २०११, चीनमधलं वेनझोऊ शहर, रात्री विजांचा पाऊस. सिग्नलच्या यंत्रणेवर वीज पडली, यंत्रणा बिघडली आणि जिथे लाल दिसायला हवा तिथे हिरवा दिसत राहिला. पुलावर एक गाडी अडकून हळूहळू पुढे सरकत होती, मागून दुसरी येऊन धडकली, डबे पुलावरून खाली. ४० माणसं गेली. दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून डबा तोडून तिथेच खड्ड्यात पुरायला लागले, देशभर लोक खवळले तेव्हा तो परत उकरून काढला. आत आता कोणी जिवंत नाही असं सांगून झालं होतं, त्यानंतर संध्याकाळी दोन-अडीच वर्षांची एक मुलगी डब्यातून जिवंत निघाली. तिचे आईवडील त्याच अपघातात गेले होते. हे वाचून अजूनही माझा संताप होतो.

डिसेंबरमध्ये सरकारी अहवाल आला. त्या सिग्नल यंत्रणेच्या डिझाइनमध्येच गंभीर दोष होते आणि मंत्रालयाने ती नीट न तपासता वापरात आणली, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. ५४ अधिकारी जबाबदार ठरले, त्यात लिऊ आणि झांगही.

लिऊवरचा खटला जून २०१३ मध्ये, सुनावणी जेमतेम अर्धा दिवस. १९८६ ते २०११ एवढ्या काळात ६ कोटी ४६ लाख युआनची लाच आणि पदाचा गैरवापर. ८ जुलैला फाशीची शिक्षा सुनावली पण दोन वर्षं लांबणीवर टाकून, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. म्हणजे आपल्याकडे फॉरवर्डमध्ये फिरतं तसं काही झालं नाही. माझ्या मते खरा बदल मार्च २०१३ मध्येच झाला होता, तेव्हा ते रेल्वे मंत्रालयच मोडलं, गाड्या चालवायला वेगळी कंपनी केली आणि नियमन वेगळं काढलं. खूप उशिरा, पण केलं.

म्हणून मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनवर बोलताना "चीनसारखी फाशी हवी" म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तपासणी कोण करतं ते आधी विचारा. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, ही चांगली व्यवस्था आहे आणि ती कोणी ढिली करायला निघालं तर आपण ओरडलं पाहिजे. आयुक्तांचा प्रत्येक मोठ्या अपघाताचा अहवाल पूर्णच्या पूर्ण लोकांसमोर यावा, आणि असा अहवाल येईल तेव्हा आपल्या पेपरने त्यातली कारणं आणि शिफारशी मराठीत सविस्तर छापाव्यात, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली