सईचं वजन, आणि काट्यावर न दिसणारं

इंदूर, रविवार

प्रिय मंदार,

फोनवर तू "पोरगी फार बारकी आहे रे" एवढंच म्हणालास आणि विषय बदललास. मागून काकूंचा आवाज येत होता, म्हणून मीही खोदलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मी अगदी तसाच बोलायचो. म्हणून आज पत्र. आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय आईचं समाधान होत नाही, आणि यातलं बरंचसं तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

इंदुरात पोर खात नाही म्हणजे काय, ते तुला बडोद्यात बसून पूर्ण कळायचं नाही. दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार मांडणारं हे गाव. इथे आमच्या सईसाहेब वरणभाताचे दोन घास घेतात आणि तोंड फिरवतात. पोहेवालासुद्धा विचारतो, "भिया, गुडिया कुछ खाती नहीं क्या?" आत्या तर भेटेल तेव्हा सईचं मनगट बोटांत धरून बघते आणि गौरीकडे पाहते. माझ्याकडे कधीच नाही. वजन पोरीचं, पण परीक्षा आईची, हे आपल्याकडे ठरलेलंच. वहिनींचंही तेच चाललं असणार. तेवढं तू मध्ये पडून थांबव, बाकीचं नंतर.

तर सई तेव्हा वीस महिन्यांची, वजन 8.9 किलो. वरच्या मजल्यावरचा मुलगा तिच्याच वयाचा आणि बारा किलोचा. त्या दोघांना शेजारी उभं करून जिन्यात रोज सभा भरायची. शेवटी रामबागेतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी सईकडे नाही, लसीकरणाच्या कार्डाकडे पाहिलं. जन्माचं वजन 2.6, वर्षाची असताना 7.6, आता 8.9. तिन्ही ठिपके तक्त्यावर मांडले आणि जोडले. रेष खालून चालली होती खरी, पण पहिल्यापासून त्याच वाटेने.

हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, 2006 सालचा. सहा देशांतली निरोगी, आईच्या दुधावर वाढलेली मुलं मोजून तो केलाय. त्यात आपल्या दिल्लीचीही मुलं होती, त्यामुळे "परदेशी मुलांचे आकडे आपल्याला कसे लागू होतील" हा माझा तयार प्रश्न तिथेच गळून पडला. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा, म्हणजे जिन्यातली सभा मुळातच रद्द. वीस महिन्यांच्या मुलीचा मध्य (निम्म्या मुली त्याच्या वर, निम्म्या खाली) 10.6 किलो आणि कमी वजनाची रेषा 8.4. बाई म्हणाल्या, शंभर निरोगी मुलींना वजनाप्रमाणे ओळीत उभं केलं तर ही साधारण सातवी येईल. सातव्या नंबरवर कुणीतरी असणारच ना! गौरीचं माहेर आठव. त्या घरात दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा माणूस नाही.

आता तुझ्या तन्वीचं. पंधरा महिन्यांच्या मुलीचा मध्य 9.6 आणि खालची रेषा 7.6. तू सांगितलेले आठ किलो त्या रेषेच्या वर आहेत. पण एवढ्यावर खूश होऊ नकोस. ती नऊ महिन्यांची असताना किती होती, ते बघ. तेव्हा सातच्या आसपास असेल तर ती आपल्या वाटेने चाललीय. तेव्हाच पावणेआठ-आठ असेल, तर सहा महिने वजन जागचं हललेलं नाही, आणि मग आजचे तेच आठ किलो काळजीचे. एकट्या आकड्यावरून मला काय, डॉक्टरलाही काही सांगता यायचं नाही.

आणि दर आठवड्याला वजन करू नकोस, तू करत असशीलच. पहिल्या वर्षात पोरं जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतात, त्याची आपल्याला सवय लागते. दुसऱ्या वर्षात वाढ आपसूक मंदावते, महिन्याला सरासरी दोनशे ग्रॅम. ओलं डायपरही तेवढं भरतं. म्हणजे एकदा डायपरसकट आणि एकदा त्याशिवाय मोजलंस, तर महिन्याची वाढ गायब! वाढ मंदावली की भूकही कमी होते. ज्या वयात पोर धावायला लागतं त्याच वयात खायचं कमी करतं, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं.

इथवर ऐकून मी खुर्चीतून उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात बाईंनी सईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि विचारलं, "दूध किती पिते?" आई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "जेवत नाही, पण दूध मात्र लिटरभर जातं हो." तिचा तो एकच आधार होता. बाईंनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 9.8 आलं. या वयात ते 11 च्या खाली नको.

मंदार, मी तुला एवढं लांबलचक लिहितोय ते यासाठी. सगळं घर वजनाकडे बघत बसलं होतं आणि कमी होतं ते लोह, जे कुठल्याच काट्यावर दिसत नाही. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय अन्नातलं लोह शोषलं जायलाही दूध आडवं येतं. पोट दुधाने भरलं की जेवण नको, लोह कमी पडलं की भूक आणखी मंद. ते चक्र असं फिरतं. नंतर मी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले. देशातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत वजन कमी असलेली 32, आणि रक्त कमी असलेली, सहा महिन्यांच्या पुढची, 67. म्हणजे गुटगुटीत दिसणाऱ्या पोरांतही ती आहेतच. आत्याच्या मनगट-परीक्षेत ती सगळी पास होतात.

औषधाचं प्रमाण बाईंनी वजनावरून ठरवून दिलं, ते मी इथे लिहीत नाही. तुझ्या डॉक्टरलाच विचार. एवढंच सांगतो, की लोहाचं औषध दुधासोबत द्यायचं नाही, आणि शी काळी झाली की घाबरायचं नाही. दूध दिवसाला दोन कप, तेही जेवणानंतर, रात्रीची बाटली बंद. पहिले काही दिवस रात्री जे झालं त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. शेजाऱ्यांनी चौकशी केली, एवढं पुरे.

खाण्यात खास काही नाही. मऊ भातावर मेतकूट-तूप, नाचणीचं सत्त्व, दाण्याचं बारीक कूट घालून थालीपीठ (अख्खे दाणे या वयात देऊ नका, घशात अडकतात), अळिवाची खीर, आणि डाळीवर न विसरता लिंबू, कारण लिंबामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. तुमच्या बडोद्याच्या डाळीत गूळ आधीच असतो, वर लिंबू पिळ, काकूंना फरक कळायचाही नाही. अंडं हा आमच्याकडे प्रश्नच होता. बाईंनी सांगितलं म्हटल्यावर आईने परवानगी दिली, पण वेगळं पातेलं, वेगळा चमचा आणि गॅलरीतली शेगडी. आता मात्र स्वतःच विचारते, "आज तिचं ते झालं का?" नाव अजून घेत नाही.

ते डब्यातलं चॉकलेटी पावडरचं काहीतरी कुणी सुचवलं असेल तर आणू नकोस. बाईंनी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. साखर किती आहे ते वाचून आईनेच तो कपाटावर टाकला.

आणि मागे धावणं बंद. ताटात काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिने. अर्ध्या तासाने ताट उचलायचं, चेहरा न पाडता. आईला हे अजून पटलेलं नाही. चिऊ-काऊचे घास दुपारी, मी ऑफिसात असताना, चालू असतात असा माझा दाट संशय आहे. गंमत म्हणजे घरी नाकं मुरडणारी ही मुलगी रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर माझ्या प्लेटमधून जीरावनासकट (पोह्यांवरचा चटकदार मसाला) घास उचलते आणि हाशहुश करत दुसरा मागते.

आता सईचं हिमोग्लोबिन 11.2 आहे. औषध अजून चालूच, कारण आकडा वर आल्यावरही अंगातला लोहाचा साठा भरायला काही महिने द्यावं लागतं. वजन? रेष तीच, खालून चाललेली. आत्याचं समाधान या जन्मी होणार नाही. मलाही वजनाच्या दिवशी पोटात गोळा येतो, तो काही गेलेला नाही.

पण तन्वीला वारंवार जुलाब किंवा उलट्या होत असतील, पोट सतत फुगलेलं असेल, कारण नसताना ताप येत असेल, ती मलूल पडून राहत असेल, किंवा वजन घटलं असेल, तर माझ्या पत्राची पुरचुंडी करून ठेव आणि उद्याच दवाखान्यात जा. तसंच दंडाचा घेर मोजून घे. अंगणवाडीत त्याची रंगीत पट्टी असते, साडेबारा सेंटिमीटरच्या वर म्हणजे हिरवा रंग. आणि तपासणी लिहून दिली नाही, तर हिमोग्लोबिनचं तू स्वतः विचार. संकोच करू नकोस.

तन्वीच्या कार्डाचा फोटो पाठव. सगळी वजनं आणि त्यांच्या तारखा दिसतील असा काढ, मागच्या वेळेसारखा अर्धा अंगठा त्यात नको. वहिनींना गौरीने फोन करायला सांगितलाय, दुपारी तीननंतर, म्हणजे आई झोपलेली असते.

तुझा,
श्री