घरच्या आरतीचा व्हिडिओ जोडताना

मालवण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

घरच्या गणपतीचा व्हिडिओ मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवायचा म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहितो.

कात्री लावण्याआधी सगळ्या क्लिपा लॅपटॉपवर आणि शिवाय एका पेन ड्राइव्हवर उतरवून घे. इतरांच्या फोनमधल्या क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारख्या मागवू नकोस, चित्र दाबलं जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. जोडायला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घे. दोन्ही फुकट आहेत आणि चित्रावर आपला शिक्का उमटवत नाहीत.

आरतीचा जीव आवाजात असतो. तीन फोनांनी टिपलं असलं तरी ज्याचा आवाज सर्वांत साफ, त्या एकाचाच आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग खालच्या ट्रॅकवर (संपादनाच्या पडद्यावरच्या आडव्या पट्टीवर) घाल. बाकीच्या क्लिपा वरच्या ट्रॅकवर. त्या जुळवायला झांजेचा एखादा ठळक ठोका धर. आवाजाच्या आलेखात तो टोकदार दिसतो. सगळ्यांची टोकं एकाखाली एक आली की मग वरच्या क्लिपा मुक्या कर. आता चित्र हवं तसं बदल: माटवीला (गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला) बांधलेली फळं, निरांजन, पोरांच्या टाळ्या, प्रत्येकी चार-पाच सेकंद. ठेका तुटत नाही.

गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्याला, मात्र अजिबात कात्री नको. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आणि मागून सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’, हे चालू असताना कॅमेरा दोन मिनिटं एका जागी राहिला तरी चालेल. मला विचारशील तर सगळ्या व्हिडिओत जपून ठेवण्यासारखं तेच आहे.

झांजांच्या अगदी जवळ धरलेल्या फोनमध्ये आवाज फाटतो. फाटलेला आवाज नीट पूर्ववत होत नाही, दुसऱ्या फोनचा घ्यावा लागतो. पुढच्या वेळी एक फोन लांब, पडवीच्या दाराशी ठेव. विसर्जनाच्या क्लिपांत वाऱ्याची घरघर असेल तर हाय-पास फिल्टर (खालचे, जड आवाज गाळणारा) ८० ते १०० हर्ट्‌झवर लाव, बरीच कमी होते.

सुरुवातीला जुळलेला आवाज दहा मिनिटांनी ओठांच्या मागे-पुढे जायला लागला, तर चूक तुझी नव्हे. फोन सेकंदाला कमी-जास्त फ्रेम टिपतो. त्या क्लिपा आधी हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, म्हणजे सेकंदाला सारख्याच फ्रेमच्या, करून घे. दिव्यांच्या माळांखाली पट्टे सरकताना दिसतात त्याचं कारण वेगळं: आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शूटिंगच्या वेळीच शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावं लागतं.

व्हिडिओत नावांची पाटी देताना जोडाक्षरं फुटली तर ती दुसरीकडे टाइप करून चित्र म्हणून आत घे.

शेवटी तयार व्हिडिओ बाहेर काढताना हे निवड: फाइल एमपी४, चित्र दाबण्याची पद्धत एच.२६४, चित्राचा आकार १०८०पी, वेग ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट). मिनिटाला साधारण ६० एमबी होतात, म्हणजे १२ मिनिटांचे ७२०. लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज कर, भाद्रपदात लाइटचा भरवसा नाही. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (शोधून न सापडणारा) ठेव, पण लिंक ज्याच्या हाती जाईल तो बघू शकतो. म्हणून पोरांचे उघडे-नागडे तुकडे आधीच काढून टाक. जुन्या टीव्हीसाठी पेन ड्राइव्ह दिलास तर तो आधी फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट कर. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आत लागते.

पहिली जोडणी झाली की चित्राकडे न बघता एकदा नुसती ऐक. ठेका जिथे अडखळेल ती मिनिटं लिहून पाठव, आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
मित्र